मनगटातली आठ हाडं

तापीकाठच्या प्रकाशा गावाच्या घाटावरून नाव सुटली आणि हिंमतरावांच्या पायाशी माणसाच्या हाताचं हाड येऊन पडलं.

समोर बसलेल्या मुलीच्या गाठोड्यातून ते निसटलं होतं. शेजारच्या बायका मागे सरकल्या. नावाडी भटूनं वल्हं थांबवलं. "बाई, हाई तापीमा टाकी दे. नहीतं मी नाव पुढे लई जावाव नही."

मुलीनं हाड उचललं, पदरानं हलकेच पुसलं. "दादा, हाऊ कोनातरी मानूसना हात शे. यानावर मी डॉक्टरकी शिकी ऱ्हायनू. पानीमा कसा टाकू?"

हिंमतराव शहाद्याच्या शाळेत मास्तर. वय चोवीस. भीती त्यांनाही वाटत होती. तरी ते उठले, खांद्यावरचं उपरणं त्या गाठोड्याभोवती गुंडाळलं आणि गाठोडं स्वतःच्या मांडीवर घेतलं.

"काय व्हई ते मले व्हई. तू वल्हं मार."

१९३४ सालची दिवाळी तोंडावर आली होती. मुलीचं नावही नदीचंच, तापी; ब्राह्मणपुरीच्या रतिलाल पाटलांची लेक. पुण्यात डॉक्टरकीच्या दुसऱ्या वर्षाला होती आणि सुटीला घरी निघाली होती. अख्ख्या तालुक्यात अशी मुलगी हिंमतरावांनी पाहिली नव्हती.

"तुम्ही तिथं… दिवसभर करता काय?" त्यांनी शाळेतल्या मराठीत विचारलं.

"दिवसाचं सांगून कळणार नाही, मास्तर. आठवडा ऐकावा लागेल." ती किंचित हसली.

मग पैलतीर येईपर्यंत ती बोलत राहिली. सकाळी सातला एका मृतदेहाभोवती आठ जण उभे राहतात. पहिल्या सोमवारी सरांनी पुस्तक उघडूच दिलं नव्हतं; नुसतं हात जोडून उभं केलं होतं. बुधवारी बेडकाचं हृदय बशीत काढतात, आणि ते तिथंही धडधडत राहतं. शुक्रवारी पिशवीत हात घालून, न बघता हाड ओळखायचं. चुकलं की पुन्हा शनिवारी.

"आणि रविवारी?"

"रविवारी डोकं धुते, नि झोपते. मुलींची बाकं शेवटची… पण उत्तरं आधी आम्हीच देतो."

बशीतलं ते हृदय हिंमतरावांच्या मनातून जाईना. चौथ्या दिवशी त्यांनी ब्राह्मणपुरी गाठली. तापीला कुणीतरी इंग्रजी पुस्तक धरून प्रश्न विचारणारं हवंच होतं. रतिलालभाऊंनी ओट्यावर घोंगडी टाकली. मास्तर रोज सायकलवरून येऊ लागले. विचारता विचारता तेच शिकत गेले.

"मनगटात हाडं किती?" एकदा तिनंच उलट विचारलं.

"दोन… तीन?"

"हात द्या."

बापानं मान वर केली, पुन्हा खाली घातली. तिनं बोटाच्या टोकानं एकेक जागा दाखवली. आठ. एवढ्याशा मनगटात आठ दगडगोटे, एकमेकांना धरून बसलेले. रोज ज्या हातानं खडू धरला, तो हात हिंमतराव पहिल्यांदाच पाहत होते. आणि ती त्यांच्याकडे पाहत होती…

सुटी संपायच्या आदल्या दिवशी रतिलालभाऊ म्हणाले, "मास्तर, दोंडाईचानं स्थळ येल शे. पोरगा चांगला शे. पन शिकनं बंद करा म्हनतस."

तापी दाराशी उभी होती. पुस्तक मिटलेलं.

हिंमतराव रतिलालभाऊंकडे वळले. "भाऊ," ते आपसूक घरच्या बोलीवर आले, "मले बी ईचारनं व्हतं. पन मन्ही अट उलटी शे. तिन्हं शिकनं पुरं व्हवू द्या. मंग लगीन."

"तीन वरीस शेतस अजून. वाट दखशी?"

"दखसू."

रतिलालभाऊ ओट्यावरून उठले. "मले काय ईचारस. तिले ईचार," म्हणाले आणि बैलांकडे निघून गेले.

तापी ओट्यावर आली. "मास्तर… देह टिकवायला लावतात त्या औषधाचा वास हाताला राहतो. किती धुतला तरी जात नाही. खोलीतल्या मुलीसुद्धा माझ्याजवळ जेवायला बसत नाहीत. हे आधी सांगायला हवं."

हिंमतरावांनी आपली ओंजळ पुढे केली. क्षणभर थांबून तिनं त्या ओंजळीत आपला हात ठेवला, आणि मास्तरांनी तो कपाळाला लावला.