पेगचे माग

अमेरिकेतल्या फॉल रिव्हरच्या त्या कापडगिरणीत माग सुरू झाले की बाईला स्वतःचा खोकलासुद्धा ऐकू येत नसे. पण इंग्लंडमधल्या बोल्टनहून समुद्र ओलांडून आलेल्या विणकर बायकांचं त्यामुळे कधी अडलं नाही. त्या ओठांनी बोलत. आवाज न काढता, तोंड ऐसपैस हलवून, मागांच्या रांगेपलीकडे चहाड्या, औषधं, मुकादमाच्या नकला, सगळं पोचवत. हॅना रॅम्सडेनला याचा केवढा तोरा! "इथल्यांनी गिरण्या बांधल्या," ती म्हणायची, "पण हात आम्ही आणले. आणि तोंडंही."

त्या हिवाळ्यात तिच्या शेजारच्या मागांवरची पेग छातीच्या दुखण्याने गेली. खिडकीजवळचे पेगचे माग मुकादमाने देलिमाला दिले. देलिमा कॅनडातली, फ्रेंच बोलणारी, कमी मजुरीत राबायला तयार. तिला इंग्रजीचं अक्षर कळत नव्हतं. ओठांच्या बोलीची तर गोष्टच सोडा.

"हिला शिकव," मुकादम हॅनाला म्हणाला. "शनिवारी कापड बघणार. खोट निघाली तर ही बाहेर."

"मग निघू दे की! पेगचे माग म्हणजे काय धर्मशाळा आहे?"

बायकांनी ठरवूनच टाकलं, हिला कुणी काही दाखवायचं नाही. हॅनाने तर पाठच फिरवली. पहिल्या दिवशी देलिमाचे दोरे तटातट तुटत होते आणि ती पदरासारखं एप्रन डोळ्यांना लावत होती. हॅनाला ते पाठीला डोळे नसतानाही दिसलं. तिने तसं दिसू दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी देलिमा गाठ बरोबर मारू लागली.

मग ती काम करताकरता बाजूला बघायची, मान डोलवायची, पुन्हा बघायची. बाजूला होती माग आणि खिडकी यांच्यामधली बोळकंडी. रिकामी.

हॅनाने जाताजाता तिच्या कापडावरून बोट फिरवलं आणि थबकली. डावा काठ उजव्यापेक्षा जरासा घट्ट. असा काठ अख्ख्या गिरणीत एकीचाच होता.

दुपारी माग थांबले. कान नुसते गुणगुणत होते. देलिमा डब्यातलं वाटाण्याचं सूप पीत बसली होती.

"कोणी शिकवलं गं?" हॅनाने हातवारे करत विचारलं.

देलिमाने हसून बोळकंडीकडे बोट दाखवलं. मग स्वतःच्या पुढच्या दातावर नख आडवं धरलं. अर्धा. अर्धाच दात.

आडवा दोरा नेणाऱ्या धोट्यात दोऱ्याची नवी कांडी घातली की त्याच्या भोकातून दोरा तोंडाने ओढून घ्यावा लागे. त्यापायी सगळ्यांचेच दात झिजत. पेगचा मात्र पुढचा दात मागातून उसळलेल्या धोट्यानेच अर्धा उडवला होता. देलिमा गिरणीत आली, तेव्हा पेगला पुरूनही झालं होतं.

"चेष्टा करतेस?" हॅना म्हणाली. देलिमाला ते कळलंच नाही.

शनिवारी मुकादमाने कापड उजेडात धरलं. उलटं केलं, ताणलं, नाकाशी नेलं. माग धडधडतच होते. त्याने नुसती मान हलवली. खोट नाही. चेहरा मात्र कडू औषध घेतल्यासारखा.

हॅनाचा ऊर भरून आला. स्वतःचाच राग आला तिला, पण मान आपोआप ताठ झाली. तिने रांगेकडे वळून ओठ हलवले, "पेगचा काठ आहे हा. बघून घ्या." एकेक बाई बघत गेली आणि एकेकीचा कणा सरळ होत गेला. देलिमाला कुणी परकी म्हणेना.

मग हॅना बोळकंडीकडे वळली.

"तूच का गं?" तिचे ओठ म्हणाले.

तिथे कापसाचा तूस तरंगत होता. बाकी काही नाही.

देलिमा मात्र तिकडे टक लावून राहिली. मग हॅनाकडे वळली आणि अर्थ न कळणारा धडा म्हणावा तसे ओठ हलवू लागली. सावकाश. दोनदा मिटले ते. हॅनाने वाचलं:

"हो बाजूला, बये."

हॅनाला खोकल्याची उबळ आली की पेग हेच म्हणायची. तिला ढकलून तिचेही माग सांभाळायची.

आणि हॅनाचा हा खोकला तर हिवाळा लागल्यापासून हटला नव्हता.

हॅनाने एप्रन कसलं.

"अजून नाही," तिचे ओठ म्हणाले. "उभी आहे मी."

तिच्या मागावरचा दोरा संपला. तिने माग थांबवला, धोट्यात नवी कांडी घातली आणि धोटा ओठांशी नेला.

दोरा आधीच ओढलेला होता.

ओला. आणि अजून कोमट.