थोरलीची तारीख

भुताखेतांवर माझा विश्वास नाही, हे आधीच सांगून ठेवते. सातवीनंतर मी शाळेचं तोंड पाहिलं नाही, पण बंद पडलेला कॉम्प्युटर उघडला की त्याचं दुखणं कुठे आहे ते मला नुसत्या वासावरून कळतं. शिकवलं कुणी नाही. तीन मशीन जाळली आणि चौथ्यापासून जमायला लागलं. तेव्हा जे सांगते ते डोळे उघडे ठेवून पाहिलेलं आहे.

सुरुवात अगदी साधी झाली. माझी पुतणी, म्हणजे थोरल्या जाऊबाईंची मुलगी, एका दुपारी दारात उभी. मागे हमाल आणि त्याच्या डोक्यावर पिवळट पडलेला कॉम्प्युटर.

"काकू, आईचा आहे. माळ्यावर सापडला. टाकून देऊ का?"

"आधी तुला टाकते. आत आण."

थोरली जाऊन वर्ष झालं होतं. मी झाकण उघडलं. घड्याळाची बॅटरी फुटून हिरवी बुरशी चढली होती. बॅटरी उपटून काढली, व्हिनेगरने डाग घासले, पंख्यातला धुळीचा गोळा ओढून काढला. आता बॅटरीच नाही म्हटल्यावर त्या मशीनला तारीख कुठून आठवणार? दर वेळी चालू केलं की ते आपलं १ जानेवारी १९८० दाखवायचं. मला काय त्याचं! मला हवी होती ती आत अडकलेली फ्लॉपी.

मनोऱ्याचा खेळ! इंग्रजीत हुकूम टाइप करून कंदील घेतलेल्या प्रवाशाला मनोऱ्यावर चढवायचं. तीस वर्षांपूर्वी घरातली सगळी कामावर गेली की आम्ही दोघी जावा काचेवर उजेड पडू नये म्हणून पडदे ओढायचो आणि एकाच कीबोर्डला बसायचो. इंग्रजी दोघींचंही बेताचं, म्हणून माझ्या मांडीवर शब्दकोश. तिच्या मांडीवर खेळाबरोबर आलेलं चाळीस पानांचं पुस्तक, आणि गालात लवंग. ते पुस्तक म्हणजे खेळाची किल्लीच. सुरू करताना खेळ विचारायचा, अमुक पानावरचा अमुक शब्द सांगा. तीनदा चुकलात की दार बंद. चोरून नक्कल करणाऱ्यांसाठी केलेली सोय ती.

मनोऱ्याच्या टोकाला एक घंटा. ती वाजली की जिंकलो. फ्लॉपीवर जागा एकाच नोंदीची, म्हणून खेळ जिथे थांबेल तिथली नोंद थोरलीच्या नावाने ठेवायची, असं आमचं ठरलेलं. एकदा ती चार दिवस भावाकडे गेली आणि मला काही धीर निघाला नाही. एकटीच चढत चढत घंटेपर्यंत पोचले. तिथे अडकले, कारण घंटेला लोलकच नाही! आणि त्या तिरीमिरीत तिची नोंद पुसून त्या जागी माझी ठेवली. 'धाकटी'.

ती आली, बघितलं, पुस्तक मिटलं.

"माझं नाव पुसलंस?"

"जाऊबाई, एवढं काय त्यात?"

"आता माझ्याशिवाय जाऊन दाखव."

"दाखवते."

पुस्तक तिच्या कपाटात गेलं. त्यानंतर आम्ही लग्नं काढली, बाळंतपणं काढली, दुखणी काढली, एकमेकींच्या उशाशी बसलो. त्या खेळाबद्दल एक अक्षर नाही. माफी मागायला माझी जीभ वळत नाही, हा माझा जुना रोग.

"काकू," पुतणी पेचकस गोळा करता करता म्हणाली, "आई शेवटच्या आठवड्यात एकदा म्हणाली होती. धाकटीला विचार, घंटा वाजली का."

"मग तेव्हा का नाही विचारलंस?"

"मला वाटलं तापात बडबडतेय."

मी उठून पडदे ओढले. दुसरं काही सुचलंच नाही.

पुस्तक तिच्या कपाटात सापडलं नव्हतं. पुतणी म्हणाली, आजकाल नेटवर कुलूप काढलेल्या प्रती मिळतात, नव्या कॉम्प्युटरवर चालवू. मी ते करून बसले होते. नव्या मशीनवर तो जुना खेळ पिसाळल्यासारखा धावतो, बोट उचलायच्या आत पहारेकरी मानगूट धरतो. आवर घालता येतो त्याला, मला येतो. पण आमची नोंद त्या प्रतीत कुठून असणार? आणि थोरलीच्या दारातून आत जायचं, तर कुलूप फोडून मी जाणार नव्हते.

मशीन चालू केलं. तापलेल्या धुळीचा वास आला. फ्लॉपी घुर्र... घुर्र... करत फिरू लागली. असली झिजलेली तबकडी पुन्हा वाचली जाईल याची खात्री नसते. काळ्या काचेवर हिरवा प्रश्न उमटला. पान चौदा, ओळ तिसरी, दुसरा शब्द.

मी अंदाजाने इंग्रजीत 'किल्ला' टाकला. चूक. 'पहारेकरी' टाकला. चूक.

आता एकच संधी. खोलीत पंख्याची घरघर तेवढी. आणि लवंगेचा वास... आधी पुसट, मग अगदी खांद्याशी.

"कंदील," पुतणी हळूच म्हणाली.

मी शब्दकोशातून कंदिलाचा इंग्रजी शब्द काढून टाकला. दार उघडलं!

"शाबास! तुला गं कसं ठाऊक?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. "मी कुठे बोलले, काकू? तुम्हीच म्हणालात ना..."

"मी?"

"तुमच्याच बाजूने... आलं."

माझ्या दंडावर काटा आला, नाही कशाला म्हणू? मग मला हसूच फुटलं. थोरली बोलायची ती अशीच, आपण ऐन फजितीत असताना, कानाशी, एकच शब्द.

'धाकटी' नोंद उघडली. घंटेची खोली, जशी सोडली होती तशी. माझा प्रवासी तीस वर्षं हातात कंदील धरून त्या बिनलोलकाच्या घंटेखाली उभा. आणि तेव्हा डोक्यात लख्ख पडलं. थोरलीने नुसतं दार उघडून दिलं नव्हतं. कंदील विझला की अंधारात प्रवासी मरतो, या भीतीने आम्ही तो जिवापाड जपला. पण घंटेवर मारायला हातात दुसरं होतंच काय?

"काकू, मेला तर?"

"तर मेला. मारते."

टाकलं. घंटेवर कंदील मार.

काच काळी झाली. एक... दोन... तीन... पुतणीने माझं मनगट घट्ट धरलं. आणि त्या डबड्यातल्या एवढ्याशा स्पीकरमधून घंटा वाजली, चिरकी, बेसूर, पण काय सांगू! मी सत्तरीची बाई, खुर्चीवरून उठून नाचले. पुतणी हसता हसता रडायला लागली.

"वाजली गं, जाऊबाई," मी मोठ्याने म्हणाले. "चुकलंच माझं तेव्हा." जीभ वळली एकदाची.

मग आम्ही स्वयंपाकघरात जाऊन चहा टाकला. कप ओठाला लावते तोच आतून घुर्र... घुर्र... ऐकू आलं.

धावत गेलो. फ्लॉपीचा दिवा लागलेला. पडद्यावर नोंदींची यादी, म्हणजे एकच ओळ. 'धाकटी' नव्हती. तिच्या जागी 'थोरली'.

"पुसलं माझं नाव!" मी ओरडले. "बघ तुझी आई! तीस वर्षं दबा धरून होती!"

पुतणी मात्र हसली नाही. तिने नोंदीपुढच्या आकड्यांवर बोट ठेवलं. तारीख आजची होती. वेळ चार वाजून दहा मिनिटं. भिंतीवरच्या घड्याळात चार अकरा.

मशीनच्या स्वतःच्या लेखी अजून १९८० होतं.

त्या नोंदीत घंटेच्या मागे एक जिना निघतो. मी रोज दुपारी खेळते, थोडीच चढते, आणि नोंद तिच्याच नावाने ठेवते. त्या नोंदीवर तारीख पडते १९८० ची. मग बटण बंद करते, प्लग भिंतीतून ओढून काढते आणि वायर गुंडाळून कपाटात ठेवते. पुतणी म्हणते, काकू, नवी बॅटरी तरी बसवा. नाही बसवत. दुसऱ्या दिवशी चालू करावं तर प्रवासी मी सोडला होता त्याच्या चार पायऱ्या वर उभा असतो. हातात कंदील, पेटलेला. आणि शेजारी आदल्या रात्रीची तारीख असते, अगदी बरोबर.