धाकट्याचा रिमोट

आईचं घर रिकामं करायला ताई दुपारी जेवून आली होती. पुढच्या आठवड्यात आई तिच्याकडेच राहायला येणार, तेव्हा भंगारात काय द्यायचं आणि बरोबर काय न्यायचं, एवढंच काम. पण माळ्यावरच्या खोक्यातून जुना व्हिडिओ गेम निघाला आणि तिने तो घाईघाईने भंगाराच्या ढिगाकडे सरकवला.

"तो टाकू नकोस हं," आई कपबशा कागदात गुंडाळत म्हणाली. "लावून बघ तरी. किती खेळवायचीस त्याला! तेवढंच सुख होतं पोराला."

ताईला ते कौतुक मेलं बोचलं.

धाकट्या भावाला जन्मापासून हृदयाचं दुखणं. पळायचं नाही, जिने चढायचे नाहीत, म्हणून बाबांनी हा गेम आणला. पण तो खेळला की पडद्यावरचा निळा माणूस पहिल्याच खड्ड्यात पडायचा. मग दहा वर्षांच्या ताईने शक्कल लढवली. त्याच्या रिमोटची पिन लावायचीच नाही, वायर टीव्हीमागे सारून द्यायची. तो भाबडा जीव तासन्‌तास बटणं दाबायचा आणि खेळायची ती एकटी. वर म्हणायची, "वा! काय खेळतोयस रे!" तो गेला त्या आठवड्यातही तिने ती पिन लावली नव्हती. तीस वर्षांत हे तिने नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं.

कॅसेटवर फुंकर मारून तिने गेम जोडला. पिन लावली ती स्वतःच्याच रिमोटची. जुनी खोड! धाकट्याचा रिमोट शेजारी फरशीवर पडला होता. खूण म्हणून त्याने चिकटवलेली दवाखान्यातली पट्टी अजून तशीच होती. तिला औषधाचा वास येत होता, इतक्या वर्षांनी.

निळा माणूस धावू लागला. एक खड्डा, दुसरा, तिसरा... एकदाही पडला नाही. हातांना सगळं आठवतंय, तिला वाटलं, आणि डोळे भरून आले. आता नाही तर कधीच नाही.

"आई... मी त्याला फसवायचे गं. त्याची वायर मी कधी लावलीच नाही."

आई चक्क हसली. "अगं, त्याला ठाऊक होतं."

"काय?"

"म्हणायचा, ताईला सांगू नकोस, तिला हरायला आवडत नाही. एक दिवस मीच तिची वायर काढणार आहे."

ताईची बोटं थिजली. निळा माणूस मात्र धावतच राहिला.

तिने स्वतःची वायर हळूच ओढली. ती सरसर मांडीवर आली, उघड्या पिनेसकट. गेमला जोडलेली होती ती पट्टीच्या रिमोटची वायर. आणि फरशीवर त्या रिमोटचं बटण खाली जात होतं, वर येत होतं... टक... टक...

"थांबलीस का गं?" आईने विचारलं.

"नाही... खेळतेय."

निळा माणूस मोठ्या खड्ड्याच्या काठावर येऊन थबकला. टकटकही थांबली. कुणीतरी तिची वाट पाहत होतं. ताईने आपला निकामी रिमोट दोन्ही हातांत धरला आणि बटण दाबलं.

तेव्हाच त्याने उडी मारली. पलीकडे पोचला, आणि वळून तिच्याकडे तोंड करून उभा राहिला. त्या गेममध्ये तो समोर कधीच वळत नसे.