जिभेवरचा सेल

खोटं वाटलं तर इथेच थांबा. पुढे वाचून मला नावं ठेवू नका.

हे माझ्या वहिनीच्या बाबतीत घडलं. गेल्या उन्हाळ्यात, भर दुपारी, तिच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात. जिन्याखालची एक खोली. पुढे काउंटर, मागे कामाचं टेबल, टेबलाखाली चटई. चटईवर माझी चार वर्षांची पुतणी. ती आईला इतकी चिकटलेली असायची की दादा तिला 'स्टिकर' म्हणायचा. आईच्या गळ्यात नाक खुपसल्याशिवाय तिला झोप यायची नाही.

हे लिहू का, असं मी वहिनीला विचारलं. तिने दादाकडे पाहिलं.

"लिही," दादा म्हणाला. "वाचून एखादा तरी शहाणा होईल."

सेल

भरतकामवाल्या काकूंनी रिक्षातून कॉम्प्युटर आणला. गणवेशांवरचे बिल्ले शिवायचं मोठं यंत्र त्यांच्या घरी होतं. त्याला नक्षी पुरवायचा तो हा कॉम्प्युटर.

"ताई, याचं घड्याळ सारखं मागे जातं. तारीख चुकली की नक्षीचं सॉफ्टवेअर उघडत नाही. यंत्र नुसतं उभं आहे, माझ्यासारखं."

"सेल गेला असेल, काकू. चहा होईपर्यंत देते करून."

कॉम्प्युटर बंद असतानाही घड्याळ चालू राहावं म्हणून मदरबोर्डवर बटणाएवढा एक सेल बसवलेला असतो. तो संपला की घड्याळ अडतं. रोजचंच काम.

वहिनीने झाकण उघडलं.

आणि मान मागे घेतली.

वास... कोंदट, गोडसर. धुवायचा राहून गेलेल्या डब्यासारखा.

"आत उंदीर मेलाय का हो?"

"माझ्या घरात उंदीर नाहीत." काकू तुटकपणे म्हणाल्या. चहाला थांबल्या नाहीत. उघड्या कॅबिनेटकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही.

वहिनीने ब्रश फिरवला. धूळ उडायला हवी होती. ती उडाली नाही.

सारवली गेली.

आता वहिनीची एक खोड सांगतो. सेल तपासायला ती मीटर काढत नाही. जिभेला लावते. जिवंत असेल तर मुंग्या येतात, मेलेला असेल तर नुसती पत्र्याची चव. जिच्याकडे ती काम शिकली ती बाईही हेच करायची. दादा कितीदा ओरडला असेल. "एवढंच असेल तर प्रिंटरपण चाटून बघ," म्हणायचा.

त्या दुपारी तिने सेल काढला, कुर्त्याला पुसला आणि जिभेवर ठेवला.

मुंग्या आल्या. सेल चांगला होता.

पण मुंग्यांच्या मागून... चव आली.

पत्र्याची नव्हे. तुपकट. थंड. कोणाच्या तरी तोंडातून काढलेला घास आपल्या तोंडात यावा, तशी.

ती मोरीकडे धावली. थुंकली. चूळ भरली. पुन्हा थुंकली.

मग येऊन टॉर्च मारला तेव्हा तिला सेलखालची खाच दिसली. खाचेत पिवळट, मेणासारखं काहीतरी साचलं होतं. त्यात एक पांढरा केस, गोल बसलेला.

खाच

स्पिरिटने पुसली. चार बोळे लागले. चौथाही पिवळाच निघाला.

क्रिस्टल

घड्याळाला ठोके देणारा तांदळाएवढा भाग. तो बदलला. सेलही नवा टाकला. वेळ लावली, कॉम्प्युटर बंद केला, पुन्हा चालू केला.

घड्याळ मागे गेलं होतं.

मागे जाणं समजू शकतं. बोर्ड विसरला की कारखान्यातून निघाल्या दिवसाची तारीख दाखवतो. ही तारीख ती नव्हती. ही होती आदल्या वर्षीच्या एका रविवारची. टळटळीत दुपारची.

पुन्हा लावली. पुन्हा तोच रविवार.

नव्या सेलला जुना रविवार कोणी सांगितला?

तिने पंख्याची वायर काढली. निदान शांतपणे विचार करावा म्हणून. दुकानात एकदम सामसूम झाली.

आणि त्या सामसुमीत...

घुटुक.

कोणीतरी लाळ गिळली.

वहिनीने टेबलाखाली वाकून पाहिलं. स्टिकर गाढ झोपली होती. तोंड मिटलेलं.

घुटुक.

आवाज टेबलावरून येत होता.

काकू

वहिनीने फोन केला. काकू आल्या, पण दाराबाहेरच उभ्या राहिल्या.

"काकू, हा कॉम्प्युटर कोण वापरायचं?"

"थोरला भाऊ. त्याचंच होतं सगळं. यंत्रसुद्धा."

"आता कुठे असतात ते?"

काकूंनी पदराने कपाळ पुसलं.

"गेला. मी लेकीकडे गेले होते. रविवारी दुपारी काम करता करताच गेला, असं डॉक्टर म्हणाले. मी परत आले तेव्हा बरेच दिवस झाले होते. उन्हाळा होता, ताई. टेबलावर डोकं टेकवून बसल्यासारखा होता. आणि डब्बा टेबलाखाली..." त्यांनी कॅबिनेटकडे बोट केलं. "वरून ठिबकलं असणार."

वहिनीचा हात तोंडावर गेला.

"आणि तुम्ही हा तसाच वापरलात?"

"तसाच कसा? पुसला की. चांगला फिनेलने पुसला." काकूंचा आवाज चढला. "बाहेरून. आतून कोणी पुसतं का?"

वहिनी पुन्हा मोरीत गेली. या वेळी नुसतं थुंकून भागलं नाही.

तोंड धुऊन आल्यावर तिने काकूंना दुसरा बोर्ड बसवून दिला. हार्ड डिस्क तीच, बाकी सगळं नवं. घड्याळ लागलं आणि चालत राहिलं. काकूंचं यंत्र आजही धडाधड बिल्ले शिवतंय. त्यांचं काम झालं. जुना बोर्ड वहिनीने चिमट्याने उचलून भंगारात टाकला आणि चिमटाही टाकला.

जीभ

चव गेली नाही.

घासून झाली. मीठ झालं, लवंग झाली, औषधी पाणी झालं. भात तुपकट. पाणी तुपकट. दात घासल्यावर फेस तुपकट.

त्या रात्री स्टिकर गळ्याशी आली. नाक खुपसलं. लगेच बाजूला झाली.

"आई, तोंड तिकडे कर."

"का गं?"

"तुझ्या तोंडात कोणीतरी आहे."

उशी उचलून ती दादाकडे गेली. दुसऱ्या दिवशीही. नंतर तर वहिनी जवळ आली की ती हाताने नाक धरायची. मूल ते, मुद्दाम करत नव्हतं. पण वहिनी न्हाणीघरात नळ सोडून रडायची. लेक पुन्हा गळ्यात यावी, एवढंच तिला हवं होतं.

दात

दातांच्या डॉक्टरांनी आरसा घालून कोपरा न् कोपरा पाहिला.

"छान तोंड आहे. काहीही नाही."

"वास?"

"मला तरी येत नाही." मग हातमोजे काढताना ते सहज म्हणाले, "फक्त आरसा जिभेवर टेकवला की तुम्ही गिळता. मोठ्याने. तेवढं टाळा."

वहिनी गिळत नव्हती. जीभ बाहेर काढून बसलेला माणूस गिळेल कसा?

घसा

तिथेही काही नाही.

—

मग एका सकाळी ते गेलं.

कसं, ते विचारू नका. तिने चहाचा घोट घेतला आणि तो चहा लागला. नुसता चहा. तिने सबंध कप संपवला, दुसरा केला, तोही संपवला. दादाने मला फोन करून सांगितलं, इतका आनंद.

दुपारी वहिनी चटईवर आडवी झाली. स्टिकर लांब बसून चित्र रंगवत होती. तिने वर पाहिलं. आईला दुरूनच हुंगलं.

"येऊ?"

वहिनीने हात पसरले.

पोर आली. गळ्यात नाक खुपसलं. तिथेच राहिली. किती दिवसांनी ते कोवळं ओझं वहिनीच्या छातीवर आलं होतं. तिने डोळे मिटले. लेकीच्या केसांतून हात फिरवत राहिली. हालली नाही, पोर उठून जाईल म्हणून.

स्टिकर झोपली. झोपेत तिचं तोंड जरासं उघडलं.

घुटुक.

आणि वहिनीच्या गळ्यावर श्वास आला... कोंदट. गोडसर.

तिने लेकीला दूर केलं नाही. आजही करत नाही. रोज रात्री तशीच कुशीत घेऊन झोपते, तोंडाने श्वास घेत.

परवा मी त्यांच्याकडे गेलो होतो. स्टिकर धावत आली, "काका" म्हणून गळ्यात पडली आणि माझा गालगुच्चा घेऊन तिने गालावर ओठ टेकवले.

मी घरी येऊन तोंड धुतलं. नंतर पुन्हा धुतलं.

चार वर्षांचं पोर आहे हो ते. लाज वाटते मला. पण हे लिहिताना मधेच उठून आताच तिसऱ्यांदा धुऊन आलोय.