नवा नोंदप्रकार

"हा तानपुरा तर विकला गेला आहे. मग परत दारात कसा?" मुनीमने विचारलं.

मुनीम म्हणजे मिरजेतल्या निसारचाचांच्या तंतुवाद्यांच्या कारखान्यात नुकताच बसवलेला बोलका संगणक. माणसांचं बोलणं ऐकून तो आपणच नोंदी ठेवायचा. समोर येईल त्याचा आधी नोंदप्रकार ठरवायचा: ग्राहक, पुरवठादार, कर्मचारी, वस्तू. प्रकार ठरला की त्याच्याशी कसं वागायचं ते त्याला कळे.

"परत आलेला माल म्हणू?"

"छे रे! जवारी लावायला, म्हणजे घोडी घासून सूर खुलवून घ्यायला आलाय," भोपळ्यावरची धूळ पुसत चाचांची सून अफरोज म्हणाली.

"मग दुरुस्तीचं काम?"

तारा उतरवता उतरवता चाचा हसले. "माल नाही आणि काम नाही. इथं जन्मली, दुसऱ्या घरी नांदली, आता चार दिवस आली. माहेरवाशीण आहे ती."

"माहेरवाशिणीचं काय करायचं असतं?"

"खुशाली विचारायची. दुखलंखुपलं बघायचं. आणि पुष्कळ दिवसांत आली नाही, तर आपण होऊन बोलवायचं. रुसली असली तरी."

"नवा नोंदप्रकार करू?"

"कर की!" अफरोजने हसत परवानगी दिली.

आठवड्याभरात कारखान्यात पाय ठेवायला जागा उरली नाही. धारवाडहून, सोलापूरहून, गोव्याहून जुने तानपुरे, सतारी येऊ लागल्या. प्रत्येक मालकाला मुनीमने एकच निरोप धाडला होता: 'पुष्कळ दिवस खुशाली कळली नाही. चार दिवस घेऊन या.' चाचा एकेका दांडीवरून हात फिरवत, आठवणी सांगत सुटले. त्यांना इतकं बोलताना अफरोजने कधी ऐकलं नव्हतं.

शुक्रवारी दुपारी एक बाई रिकाम्या हातांनी दारात उभी राहिली. चाचांची लेक, तहसीन. एके काळी इथल्या वाद्यांवर तीच नक्षी कोरायची. आपल्या पसंतीने लग्न करून ती हुबळीला गेली, तेव्हापासून बापलेकीत अबोला होता.

"अब्बा, 'चार दिवस ये' असा निरोप आला. तुम्ही पाठवलात?"

चाचांनी हातातली तार खाली ठेवली.

"यांना कुणी बोलवायला सांगितलं?" अफरोज मुनीमकडे वळून कुजबुजली.

"त्या माजी कर्मचाऱ्यांत होत्या. नोंदप्रकार चुकला होता, दुरुस्त केला," मुनीम म्हणाला. "इथं जन्म, दुसरं घर, खुशाली नाही. माहेरवाशीण लाकडाचीच हवी, असं कुणी म्हणालं नव्हतं."

"मी नाही पाठवला," चाचा म्हणाले. तहसीन मागे वळू लागली. "पण शब्द माझेच आहेत. बस. जेवलीस का?"

तहसीन रडत रडतच हसली. अफरोजने धावत जाऊन ताट वाढलं. जवारी लावून घ्यायला आलेले लोकही गोळा झाले, कुणी तानपुरा छेडला, आणि अख्खा कारखाना एका षड्जात घुमू लागला.

सूर जरा निवल्यावर मुनीम हळूच म्हणाला, "एक रकाना भरायचा राहिला. वाद्यांच्या परतीचा दिवस आपण ठरवतो. यांचा कुणी ठरवायचा?"

चाचांनी लेकीकडे पाहिलं. "तूच सांग, बेटा. काय लिहायला सांगू त्याला?"