कुसाबाईंचा उजवा हात

ही गोष्ट खरी आहे. ज्यांना हसायचं असेल त्यांनी खुशाल हसावं. दीपकही हसायचा.

आणि भुतं रात्रीच येतात, हेही कुणीतरी ठरवून ठेवलंय. नाशिकला गंगापूर रोडवर दीपकच्या फ्लॅटमध्ये जे घडलं ते रविवारी, भर दुपारी, जेवण झाल्यावर घडलं.

दीपकची आई कुसाबाई निफाडला एकटी राहायची. बाई खमकी. सत्तरी ओलांडल्यावर तिने स्वतःच्या मरणाची सगळी तयारी केली. जमिनीच्या वाटण्या करून टाकल्या, चांगली लुगडी वाटून टाकली. मग एकदा मुलाला आणि सुनेला समोर बसवलं.

"माझ्या अंगात नळ्या घालू नका. मला काय सुदरंना झालं की घरी आना. तोंडात गंगेचं पानी टाका. बास. वकील म्हनतो, याचा कागद करता येतो."

दीपक हसला. "कागद कशाला? मी मेलोय का?"

"तू हायेस, म्हनून तर कागद पाहिजे," कुसाबाई म्हणाली.

निकिताला, म्हणजे सुनेला, हसू आलं होतं. दीपकला तो टोमणा कळलासुद्धा नाही.

कागद काही झाला नाही. दीपकला वेळच नव्हता.

मार्चमध्ये कुसाबाईला झटका आला. डावं अंग गेलं. वाचा गेली. दीपकने तिला नाशिकला आणून मोठ्या हॉस्पिटलात टाकलं. नाकात नळी, घशात नळी, व्हेंटिलेटर. आयसीयूच्या दाराचा फोटो काढून त्याने स्टेटसला टाकला. 'आईसाठी प्रार्थना करा.' माणसं भेटायला आली की हा काचेपाशी उभा राहायचा. "आपण काही कमी पडू दिलं नाही." देवळाचा ट्रस्टी असावा तसा.

एक उजवा हात तेवढा तिच्या ताब्यात होता. त्या हाताने तिने घशातली नळी उपसली.

मग नर्सने नळी परत बसवली आणि तो हात बँडेजच्या पट्टीने पलंगाच्या लोखंडी दांडीला बांधला.

निकिता आत गेली, तेव्हा कुसाबाईने आधी मनगटाकडे पाहिलं. मग तिच्याकडे.

निकिता बाहेर येऊन म्हणाली, "अहो, आईंना घरी नेऊ या. डॉक्टरही म्हणतात, आता काही उपयोग नाही. आईंनी सांगून ठेवलं होतं."

"आणि लोक काय म्हणतील? आईला मरायला घरी आणलं?"

लोक काहीच म्हणाले नाहीत. कुसाबाई गेली तेव्हा तिचा हात बांधलेलाच होता, आणि मुलगा खाली पाहुण्यांना चहा पाजत होता.

तेरावं झालं. गोडाचं जेवण दणक्यात झालं.

त्यानंतरचा रविवार. दीपक रस्सा-भाकरी ओरपून झोपला होता. निकिता ओट्यापाशी होती. पंखा बंद पडला. कुकरची वाफही निवली.

आणि मग...

खडड्... खडड्...

लोखंडी दांडी कुणीतरी हिसकावत होतं.

ती बेडरूममध्ये गेली. त्यांचा पलंग सागवानी. लोखंडाचा खिळा दिसेल तर शपथ. दीपक उताणा झोपला होता. उजवा हात डोक्यावर, मनगट कडेला टेकलेलं... ताठ.

त्याने डोळे उघडले. "हात का धरलास?"

निकिता दारातच होती.

मनगटावर पट्टा उमटला होता. लाल, चार बोटं रुंद.

"घड्याळाचा असेल," दीपक म्हणाला. घड्याळ त्याच्या डाव्या हातात होतं.

मग दुपारी आडवा झाला की तेच व्हायचं. आवाज... मग ताठलेला हात... मग पट्टा. डॉक्टरला काही सापडलं नाही. दीपकचं हसणं गेलं. आईची माफी मागावी, एवढं काही त्या डोक्यात शिरलं नाही. त्याला फक्त स्वतःचं मरण दिसायला लागलं.

"मला नळ्या नकोत," एका सकाळी तो म्हणाला. "कागद करून घेऊ. माझ्या वतीने तू ठरवायचं, असं लिहू."

"आणि लोक काय म्हणतील?" निकिताने विचारलं.

त्याने वकिलाला फोन लावला.

जे आईसाठी वर्षभर जमलं नाही, ते स्वतःसाठी त्याच आठवड्यात झालं. साक्षीदार आले, नोटरीचा शिक्का बसला. घरी येऊन तो निवांत आडवा झाला. आता सगळं मिटलं, असं तोंड करून.

थोड्या वेळाने...

"निकिता."

आवाज इतका बारीक की तिला वाटलं, शेजारून आला.

तो जागा होता. डोळे टक्क उघडे. हात वर, ताठ, बोटं निळसर.

"सोड ना गं. सुटत नाहीये."

तिने मनगटाला हात लावला. दिसत काहीच नव्हतं... पण बोटांना कापड लागलं. ओलसर, झिरझिरीत. तिने चाचपलं.

गाठ होती.

नखाने सुटली असती. सैलच होती.

निकिताने हात मागे घेतला. स्वयंपाकघरात गेली. चहा टाकला आणि उकळेपर्यंत पातेल्याकडे बघत उभी राहिली.

चहा झाला तेव्हा दीपक मनगट चोळत बाहेर आला. तिच्याकडे न बघता कप उचलला. त्या दुपारबद्दल दोघं आजवर एक अक्षर बोललेली नाहीत. कागद कपाटात आहे. निर्णय घेणारी म्हणून त्यावर अजून तिचंच नाव आहे.

तो आवाज परत आला नाही.

निकिता मात्र हल्ली झोपताना दोन्ही हात पोटाशी घट्ट धरून झोपते. का, असं विचारलं तर विषय बदलते.