जुन्या गावावर सोडलेली बादली

जेवणं उरकून धरणाच्या काठावर शेकोटी पेटली की पोरं अप्पारावांच्या मागं लागतात. मच्छीमार सोसायटीत बत्तीस वर्षं कारकुनी केलेला माणूस. "माझ्या ओळखीच्या पोरीची गोष्ट हाय," ते म्हणाले. "झालेली हाय. मधे कुणी बोलू नका."

पौषातली अमावास्या, रविवार. निकिता बोरीहून होडीची बॅटरी चार्ज करून परतली. तिचे वडील परमेश्वर दिवाळीआधी वारले होते आणि येलदरीच्या पाण्यातला त्यांचा मासेमारीचा परवाना तिला हवा होता. सोसायटीचे अध्यक्ष नागनाथ, तिचे सख्खे चुलते. ते म्हणाले होते, "पोरीच्या नावावर परवाना? अमुशाच्या रातीला एकटी जा. दिस उगवायच्या आत वीस किलो आण. न्हाई तर गप घरी बस."

"काटा पुसून ठेवा, काका," ती म्हणाली होती.

होडीला तिनं बॅटरीवरची छोटी मोटर बसवली होती. गळाच्या दोऱ्या मागं सोडून होडी सावकाश न्यायची, म्हणजे मासा लागतो. पण मोटर एक नंबरवर ठेवली तरी होडी पळायची आणि गळ वर यायचे. म्हणून तिनं कडेनं भोकं पाडलेली लोखंडी बादली दोरीनं मागं बांधली. बादली पाण्याला अडते, होडीची चाल मोडते.

"हे काय करायलीस?" काठावर आलेले नागनाथ थबकले. "जुन्या गावावर दोरीला बांधून काहीच खाली सोडायचं न्हाई. तुझा बाप बी सोडत नव्हता. खाली आड हाय."

"गाव बुडून साठ वर्षं होत आली. आडाला आता पाणी कमी पडायलंय का?"

शेकोटीपाशी कुणीतरी हसलं. अप्पाराव हसले नाहीत.

साडेबारापर्यंत सात किलोच झाले. मासा होता तो जुन्या गावावर. निकितानं होडी तिकडं वळवली.

एक वाजून दहा मिनिटांनी होडी हळू झाली. फारच हळू. तिनं मोटर दोनवर नेली. मग पाचवर. मोटर घरघरली. होडी जागची हलली नाही.

बादलीची दोरी मागं तिरपी असायची. आता ती सरळ खाली गेली होती. ताठ.

विळा हाताशी होता. दोरी कापली असती तर होडी सुटली असती. पण मग होडी पळणार, गळ वर येणार, आणि सकाळी काका...

तिनं मोटर बंद केली.

शांत.

खालून दोरीला हिसका बसला. एक. मग दुसरा. गाळ काढायला आडात उतरलेला माणूस बादली भरली की दोरी हलवतो, तसा.

निकिता दोरीवर वाकली.

"कोण हाय ते मला माहीत न्हाई. बादली माझी हाय. होडी माझ्या बापाची हाय. मी दोरी कापणार न्हाई. सोडायची तर तुमी सोडा."

काही नाही...

दोरी तशीच ताठ.

मग होडी निघाली. मोटर बंद. वल्हं आत. तिला हवी होती अगदी त्याच चालीनं. गळाच्या दोऱ्या एकामागून एक ताणल्या.

सकाळी सहाला काठावर चौघं उभे होते, अप्पाराव त्यांतले एक. काट्यावर सव्वीस किलो भरले. नागनाथ काट्याकडं बघत नव्हते. निकिता बादली वर ओढत होती, तिकडं बघत होते.

बादलीत हुरडा होता. नुकता भाजलेला, कोरडा ठणठणीत. वाफ निघत होती.

"फेक ते," नागनाथ म्हणाले. दोन पावलं मागं सरले. "पोरी... फेक."

निकितानं मूठभर घेतला. तळहातावर चोळला, फुंकर मारली, तोंडात टाकला, सावकाश चावला.

"परवान्यावर सही करा, काका." मग तिनं बादली त्यांच्यापुढं धरली. "आन् घ्या. मीठ तेवढं कमी हाय."